तीन दगडांची साक्ष

१

"निसर्गाच्या सान्निध्यात माणूस खोटं बोलूच शकत नाही!"

हे वाक्य आमच्या अंधेरी वनविहार मंडळाचे अध्यक्ष मार्तंडराव यांनी १९५६ सालच्या जानेवारीतल्या शेवटच्या रविवारी, विहार तलावाच्या काठी, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी उच्चारलं. वेळ मला नक्की ठाऊक आहे, कारण भाषण सुरू झाल्यापासून मी घड्याळाकडेच बघत होतो. वाक्य संपलं आणि मार्तंडरावांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. दोन बायकांनी डोळ्यांना पदर लावले. टाळ्या पडल्या.

"टाळ्या काय वाजवताय? त्यांना आधी तिथून हलवा!" चुलीपाशी बसलेली माझी जयंतीआत्या ओरडली. "वारा फिरलाय. सगळा धूर त्यांच्या डोळ्यांत चाललाय."

सकाळी आम्ही आलो तेव्हा वारा पूर्वेचा, मुलुंडच्या डोंगराकडून येणारा होता, म्हणून आत्यानं चुलीचं तोंड पूर्वेला ठेवलं होतं. तोंडातून वारा आत शिरला की लाकडं पेटतात आणि धूर पाठीमागून निघून जातो, एवढंच तिचं शास्त्र. आता वारा समुद्राकडून सुटला होता. तिनं भाताचं पातेलं उतरवलं आणि ओली फडकी देऊन माझ्याकडून तिन्ही दगड फिरवून घेतले. चुलीचं तोंड पश्चिमेला आलं, धूर मुलुंडला गेला आणि मार्तंडरावांचे अश्रू थांबले. भाषणही थांबलं. चुलीबद्दल मला त्या दिवसापासून आदर आहे.

भाषणाचं निमित्त होतं मंडळाचा चांदीचा करंडक. वर्षातला सर्वांत मोठा मासा गळाला लावणाऱ्याला तो मिळे. घाटकोपरला चष्म्यांचं दुकान चालवणाऱ्या चंद्रप्रकाशनं तो दोन वर्षं जिंकला होता. यंदा जिंकला की कायमचा त्याच्या घरी जाणार होता. सकाळी नऊला गळ खांद्यावर टाकून तो एकटाच तलावात शिरलेल्या उंबराच्या टोकाकडे गेला होता. जाताना म्हणाला होता, "एक वाजता असा मासा दाखवतो की करंडकात त्याचं शेपूटसुद्धा मावणार नाही!"

"शेपूट कुणाचं ते बघू," असं श्यामकांत म्हणाला होता. श्यामकांत आमचा सर्वांत तरुण सभासद. कचेरीत कारकून आणि कचेरीबाहेर आगाऊ. त्याला पाणीखात्याची होडी हवी होती. तलावाचा पहारेकरी धाकू ती देईना. त्यावरून सकाळीच सर्वांदेखत जुंपली होती.

"होडयेक हात लावलंस तर तंगडी मोडीन!" धाकू म्हणाला होता. शब्द अगदी हेच. वीस जणांनी ऐकले होते.

आत्यानं पहिलं पान वाढायला घेतलं आणि बांधाच्या बाजूनं एका बाईची किंकाळी आली.

२

किंकाळी धाकूच्या बायकोची, जानकीची होती. ती गुडघाभर पाण्यात उभी होती आणि वाऱ्याबरोबर सरकत आलेली खात्याची होडी तिनं धरून ठेवली होती. होडीत श्यामकांत पडला होता. कानाच्या वर खोल जखम. शेजारी वल्हं, आणि वल्ह्याच्या पात्यावर रक्त.

श्वास चालू होता, पण इतका बारीक की मार्तंडरावांनी आपला चष्मा काढून त्याच्या नाकापुढे धरला तेव्हा काचेवर जेमतेम वाफ आली.

त्याची उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. जानकीनं बोटं एकेक करून सोडवली. आत हिरव्या दोरीचा वीतभर तुकडा. कुणी त्याकडे पाहिलं नाही. आत्यानं पाहिलं आणि तो कनवटीला लावला.

आरेच्या रस्त्यावरून दुधाची लॉरी चालली होती. तिला अडवून, कॅनांच्या मधे सतरंजी घालून श्यामकांतला अंधेरीच्या इस्पितळात रवाना केलं. लॉरीवाला धोंडू म्हणाला, "नेतो. पण हा पोचेपर्यंत बोलत नसला ना, तर मला विचारू नका."

लॉरी गेली आणि सर्वांच्या माना एकदम धाकूकडे वळल्या. सकाळचे शब्द सर्वांच्या कानांत होते. वल्हंही त्याच्याच झोपडीतलं.

"मी तेका हात लावूक नाय," धाकू म्हणाला.

"मग वल्हं काय चालत गेलं?" कुणीतरी विचारलं.

एवढ्यात टेकडीची पायवाट उतरून चंद्रप्रकाश आला. हातात गळ, खांद्याला रिकामी पिशवी. काय घडलं ते ऐकल्यावर तो मटकन एका दगडावर बसला.

"वाट लागली यार," तो म्हणाला. "मी बघितलं. मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं!"

"काय बघितलंस?"

त्यानं बोट उचललं आणि धाकूवर रोखलं.

३

चंद्रप्रकाशची हकिगत सरळ होती. साडेनऊला उंबराच्या टोकावर त्याच्या गळाला एक वीतभर मासा लागला. एवढासा मासा दाखवायची लाज वाटली, म्हणून त्यानं तिथेच तीन दगडांची चूल मांडली, मासा भाजला आणि दहा वाजता खाल्ला. खाताना समोरच्या पाण्यात होडी दिसली. होडीत धाकू आणि श्यामकांत. दोघांची हमरीतुमरी चाललेली. धाकूनं वल्हं उगारलं. "मला वाटलं, दम देतोय. मधे लव्हाळी आली आणि होडी दिसेनाशी झाली. मी चूल विझवली, टेकडीवर गेलो आणि झोपलो. साडेदहानंतर मी काठाकडे फिरकलोसुद्धा नाही."

दहाची वेळ धाकूला फार वाईट होती. सव्वाअकरा ते बारा तो आमच्यातच होता. परवान्यावर वीस माणसं आणि प्रत्यक्षात तेवीस कशी, यावर तो आणि मार्तंडराव वाद घालत होते. पण दहा वाजता?

"दहाक मी सांडव्यार होतंय. पाण्याची पट्टी वाचूक गेल्लंय."

"कुणी पाहिलं?"

"पाण्यान."

पाण्याची साक्ष मंडळाला मान्य नव्हती. चार वाजता खात्याचे इंजिनियर पाहणीला यायचे होते. त्यांच्या हवाली करेपर्यंत धाकूला त्याच्याच झोपडीत बसवून बाहेरून कडी घालायची, असं ठरलं. ठराव एकमतानं झाला. आमच्या मंडळात त्याआधी आणि त्यानंतर एकमतानं झालेला दुसरा ठराव मला आठवत नाही.

"पोरगा गेला तर हा फासावर जाईल," चंद्रप्रकाश हळहळून म्हणाला. "वाईट वाटतं हो."

आत्या पान वाढून, काखेत फुंकणी तशीच घेऊन झोपडीत गेली. मागोमाग पाण्याचा तांब्या घेऊन मी. आत्याबद्दल एक सांगायला हवं. अंधेरीच्या आमच्या चाळीत कुणाचं दूध कुणाच्या मांजरानं प्यायलं इथपासून कुणाची सून का रुसली इथपर्यंत सारे निवाडे तिच्याकडे येत. माणसाच्या जबानीपेक्षा त्याच्या स्वयंपाकघरावर तिचा जास्त विश्वास. वेंगुर्ल्याला नांदलेली असल्यामुळे धाकूचं बोलणं तिला आमच्यापेक्षा बरं कळत होतं.

धाकूनं पानाला हात लावला नाही.

"बाईनू, नोकरी गेली की ही खोली जातली. पोरांक घेऊन जानकी खय जातली? आणि माका तर…" त्यानं गळ्याकडे हात नेला आणि खाली घेतला.

"वल्हं कुठे होतं?"

"भायर, भिंतीक टेकून. मी तुमच्या माणसांची मोजणी करूक इलंय, तेव्हा कोणीय नेलेला आसतला."

"आणि हा चंद्रप्रकाश? कसा आहे माणूस?"

धाकूनं जरा विचार केला. "चुली मोडीत नाय," तो म्हणाला.

परवान्यावर सात अटी छापलेल्या असत. सातवी अट अशी: जेवण झाल्यावर चूल विझवून मोडावी आणि दगड होते तिथे ठेवावेत. ही अट आमच्यापैकी कुणीच पाळत नसे. दर रविवारी संध्याकाळी धाकू काठानं फिरे आणि आमच्या चुली मोडी.

"म्हणजे उंबराच्या टोकावरची चूल अजून तशीच असेल?" आत्यानं विचारलं.

"आसतली. पण जानकी आता सगळ्यो चुली मोडूक गेली हा. साहेब येवचे आसत ना."

आत्या ताडकन उठली. फुंकणी तशीच हातात घेऊन ती पळाली. त्या वयात तिला पळताना मी कधी पाहिलं नव्हतं.

४

उंबराच्या टोकावर पोचलो तेव्हा जानकी चुलीपाशी वाकलेली होती. एक दगड तिच्या दोन्ही हातांत होता.

"जानकी! ठेव! जसा होता तसा ठेव!"

जानकीनं दगड पुन्हा त्याच्या खळग्यात बसवला. आत्या धापा टाकत चुलीसमोर बसली. मग उठली. चुलीला एक फेरी मारली. पुन्हा बसली. चुलीचं तोंड पश्चिमेला होतं. तोंडासमोर गवत हातभर करपलं होतं, राख पसरली होती. इतर तिन्ही बाजूंना गवत हिरवंगार.

"ही चूल एकदाच मांडली," ती म्हणाली. "फिरवलेली नाही. आपली जाऊन बघ, दोन्हीकडे काळं आहे."

राखेवर पाणी ओतलं होतं. ती फुंकणीनं ढवळत राहिली. आधी मणक्याचा एक तुकडा निघाला, माझ्या अंगठ्याएवढा जाड. मग खवले. करपलेले, पण एकेक खवला चांदीच्या रुपयाएवढा. मग जबड्याचं हाड, आणि त्या हाडात आरपार भोक.

"गळाचं भोक?" मी विचारलं.

"गळानं ओठ फाटतो रे. हे दाभणानं पाडलंय." तिनं कनवटीची हिरवी दोरी काढली आणि ओवून पाहिली. सहज गेली. "जानकी, उंबराच्या मुळाशी हात घालून बघ गं. पाण्याखाली."

जानकी पाण्यात उतरली. इकडेतिकडे चाचपडली आणि एकदम थांबली. तिचा हात वर आला तेव्हा त्यात मुळाला घट्ट बांधलेल्या हिरव्या दोरीचं टोक होतं. ताणून तोडलेलं.

माझ्या डोक्यात प्रकाश पडू लागला होता. "आत्या! वीतभर माशाला रुपयाएवढे खवले कसे? म्हणजे चंद्रप्रकाश—"

"मासा मोठा होता म्हणून कुणी कुणाला मारत नाही. हा म्हणेल, लाजेनं खोटं बोललो. वेळ महत्त्वाची." तिनं माझा दंड धरला. "आठव. नीट आठव. धाकूचा जीव त्याच्यावर आहे. मार्तंडराव किती वाजता रडले?"

५

चारला पाच कमी असताना इंजिनियर साहेबांची जीप आली. बरोबर हवालदार काशीराम. लॉरीवाल्यानं जाताना चौकीवर खबर दिली होती. मार्तंडरावांनी हकिगत सांगितली. चंद्रप्रकाशनं ती पुन्हा सांगितली. साहेबांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून धाकूच्या निलंबनाचा हुकूम लिहिला. काशीरामनं झोपडीची कडी काढली आणि धाकूचे हात बांधले.

"हॉस्पिटलातून काही कळलं?" मी विचारलं.

"लॉरी परत यायची आहे," काशीराम म्हणाला. "पोरगा गेला तर कलम बदलेल."

"साहेब," आत्या म्हणाली, "सही करण्याआधी दोनशे पावलं चालाल?"

साहेबांनी फुंकणीकडे पाहिलं आणि होय म्हणाले. काही वस्तूंचा अधिकार खात्यापेक्षा मोठा असतो.

सगळं मंडळ उंबराच्या टोकावर जमलं. धाकू मधे, हात बांधलेला. जानकी एका बाजूला, पदर दातांत धरून.

"चंद्रप्रकाश, ही तुझी चूल?" आत्यानं विचारलं.

"हो."

"साडेनऊला पेटवलीस?"

"किती वेळा सांगू, आत्याबाई? साडेनऊला पेटवली, दहाला खाल्लं, साडेदहाला वर गेलो."

"साडेनऊला वारा कुठला होता?"

"मी काय वेधशाळा आहे?"

"पूर्वेचा होता. मी सकाळी चूल पूर्वेला तोंड करून मांडली, ती बारा वाजून गेले तोवर मजेत जळत होती. बारा वाजून दहा मिनिटांनी वारा पश्चिमेचा झाला. साक्षीदार मार्तंडराव. ते रडले."

मार्तंडराव खाकरले. "ते भावनेनं—"

"धुरानं. आणि या चुलीचं तोंड बघा. पश्चिमेला. साहेब, तुम्ही कधी चुलीपुढे बसलात? तोंडाकडे वारा नसला तर लाकूड पेटत नाही आणि बसणाऱ्याच्या डोळ्यांचं पाणी खळत नाही. पूर्वेच्या वाऱ्यात पश्चिमेला तोंड करून ही चूल अर्धा तास जाळायची म्हणजे आंधळं व्हायला हवं. आणि चष्मेवाल्याला डोळ्यांची किंमत ठाऊक असते. ही चूल बारा दहानंतर पेटली."

साहेबांनी बोट ओलं करून वर धरलं. वारा अजून पश्चिमेचाच होता.

चंद्रप्रकाश हसला. "एवढंच? मीही दगड फिरवले असतील. तुम्ही नाही का फिरवलेत?"

"कधी फिरवलेस? वारा फिरला बाराला. तू साडेदहाला टेकडीवर गेलास."

हसू गेलं. पण माणूस दुकानदार होता. गिऱ्हाईक दारापर्यंत गेलं तरी हार मानणारा नव्हे. "मग माझ्यामागून दुसरं कुणी आलं असेल. माझे दगड हलवून आपली चूल पेटवली असेल. जंगलात काय, कुणीही येतं. साहेब, तीन दगडांवरून माणसाला धरणार?"

साहेबांनी काशीरामकडे पाहिलं. काशीरामनं खांदे उडवले. धाकूनं डोळे मिटले.

"खरंच की," आत्या म्हणाली. "दुसरं कुणी आलं असेल."

मी हादरलो. तिनं हातचा डाव सोडला होता.

६

आत्या सावकाश खाली बसली आणि पदराच्या गाठीतले खवले एकेक करून दगडावर मांडू लागली.

"दुसराच कुणीतरी. त्याशिवाय हे जमत नाही. मार्तंडराव, बघा हा खवला. रुपयाएवढा. आणि हा मणका. केवढा मासा असेल हो?"

"अरे बापरे," मार्तंडराव म्हणाले.

"चंद्रप्रकाशच्या गळाला काय लागलं? वीतभर. बिचारा सकाळी उन्हात बसला. आणि त्याच्या पाठोपाठ कुणी उपरा येतो, त्याच जागी बसतो आणि असला मासा बाहेर काढतो! याला म्हणतात हात. मला वाटतं, मंडळानं त्या माणसाला शोधून करंडक त्यालाच द्यावा."

"योग्य आहे," मार्तंडराव म्हणाले. त्यांना करंडक कुणाला तरी द्यायचाच होता.

चंद्रप्रकाशच्या कानाची पाळी लाल झाली.

"दीड हात तरी असेल," आत्या म्हणाली.

चंद्रप्रकाश खवल्यांकडे बघत होता. त्याच्या मुठी वळल्या.

"छे, दीड कुठला? खवले फसवतात. हातभर असेल. माझा भाचासुद्धा धरील एवढा—"

"सव्वातीन फूट!" चंद्रप्रकाश ओरडला. "सव्वातीन फूट होता तो! शेपटीसकट मोजलाय मी! तुमच्या बापजन्मात पाहिला नसेल असा—"

तो थांबला. समोरच्या पाण्यात एक पाणकोंबडी बुडी मारून वर आली, तिचा आवाजसुद्धा ऐकू आला.

आत्यानं हिरवी दोरी दगडावर ठेवली. मुळावरून सोडून आणलेलं टोक तिच्या शेजारी. तुटलेले धागे धाग्याला जुळले.

"तीन वर्षांत या माणसानं बोटभर मासासुद्धा कुणाला दाखवल्याशिवाय खाल्लेला नाही," ती म्हणाली. "धरला की अंधेरीपासून घाटकोपरपर्यंत मिरवणूक. आणि आज, करंडकाच्या दिवशी, एकट्यानं बसून गुपचूप खाल्ला? तेव्हाच मला कळलं, मासा दाखवण्याजोगा नव्हता. त्याच्या जबड्याला भोक होतं."

पुढचं चंद्रप्रकाशनंच सांगितलं, खाली मान घालून. मासा ठाण्याच्या तळ्यातला, विकत आणलेला. शनिवारी हंड्यात घालून जिवंत आणला, जबड्यात दोरी ओवून उंबराच्या मुळाशी पाण्यात बांधून ठेवला. एक वाजता गळाला लावून वाजतगाजत न्यायचा. बाराच्या सुमाराला श्यामकांत चोरलेली होडी घेऊन तिथे आला, त्याला पाण्यात दोरी दिसली, त्यानं ती ओढली. दोरीबरोबर काय आलं ते पाहून तो हसायला लागला.

"हसतच होता हो. थांबेचना. म्हणाला, सगळ्यांना सांगतो. दोरी सोडेना. मी त्याच्याच हातचं वल्हं हिसकावलं…" त्याला पुढचं सांगता येईना. "मेला असंच वाटलं. होडी ढकलून दिली. मग मासा. तो कुणी बघायला नको म्हणून जाळायला घेतला."

"आणि खाल्लाही," आत्या म्हणाली.

"थोडा."

"त्या पोराचं रक्त वल्ह्यावर होतं आणि तू मासा खाल्लास. वर या गरिबाला फासावर द्यायला निघालास!" तिचा आवाज पहिल्यांदाच कापला. "काशीराम, सोड त्याचे हात."

काशीरामनं धाकूची दोरी सोडली आणि तीच चंद्रप्रकाशला बांधली. सरकारी दोरी एकच होती.

तेवढ्यात रस्त्यावर लॉरीचा भोंगा वाजला. धोंडू पळतच आला. श्यामकांतनं डोळे उघडले होते. डॉक्टर म्हणत होते, वाचेल. काही बोलला का, असं साहेबांनी विचारलं.

"बोलला काही नाही," धोंडू म्हणाला. "नुसता हसला आणि डोकं दुखलं म्हणून रडला."

जानकी तिथेच मातीत बसली आणि तोंडावर पदर घेऊन हमसून हमसून रडू लागली. साहेबांनी हुकमाचा कागद चार तुकडे करून खिशात घातला, कारण काठावर कचरा टाकण्याला पाचवी अट आड येत होती. ते धाकूजवळ गेले. खात्याच्या माणसाला हे जड जातं, पण त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बायका डोळे पुसत होत्या. मंडळाचे जे सभासद दुपारी कडी घालायला पुढे होते, ते आता धाकूची पाठ थोपटायला पुढे होते. सूर्य उतरणीला लागला होता आणि तळं सोनेरी झालं होतं.

अशी संधी मार्तंडराव सोडणं शक्य नव्हतं. ते जवळच्याच एका दगडावर चढले.

"बंधुभगिनींनो! मी दुपारीच म्हणालो होतो. निसर्गाच्या सान्निध्यात सत्य—"

धाकू हळूच खाकरला. मनगटावरचे वळ चोळत तो पुढे आला. या माणसानं आज जे सोसलं त्यावर त्याला बोलायचा हक्क होता.

"साहेबानू," तो मार्तंडरावांच्या पायांकडे बघत म्हणाला, "तुम्ही उभे आसात तो दगड चुलीचो. जरा उतरशात? आणि आज तरी सगळे दगड जागच्या जागी ठेवशात मा?"